पावसाळ्यात गॅस सेन्सर उगाच वाजतो, आकडे चढतात: तपासायला कुठून लागायचं

जूनमध्ये सलग दोन दिवस पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो. सदाशिव पेठेतली खानावळ, सिंहगड रोडवरची सोसायटी, नऱ्ह्याच्या कॉलेजातली प्रोजेक्टवाली मुलं, सगळ्यांची तक्रार एकच: "कालपर्यंत नीट होता, आज गॅस नसताना वाजतोय." अकरा वर्षं मी हे सेन्सर बसवतोय आणि दुरुस्त करतोय, आणि दर पावसाळ्यात हाच दोष समोर येतो. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगतो ते इथे लिहून ठेवतो. सगळं टिन ऑक्साइडच्या सेन्सरबद्दल आहे, म्हणजे एमक्यू-२, एमक्यू-१३५ वगैरे आणि घरगुती अलार्ममध्ये असतात ते. मिश्र ऑक्साइडच्या सेन्सर-गोळ्या स्वतः बनवणाऱ्यांसाठी शेवटी थोडं वेगळं आहे.

त्याआधी एक गोष्ट. घरातला किंवा हॉटेलातला अलार्म वाजला तर "पाऊस आहे, दमटपणाने वाजत असेल" असं धरून चालायचं नाही. आधी गळती आहे असंच समजा. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कोणतंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. पाइपचा गॅस असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून बिलावर छापलेल्या आपत्कालीन नंबरला कळवा. गळती नाही हे पक्कं झाल्यावरच पुढचं वाचा.

लक्षणं

- पाऊस सुरू झाला की आकडा हळूहळू चढतो, ऊन पडलं की उतरतो. गॅसची गळती अशी घड्याळ लावल्यासारखी चढत-उतरत नाही.
- लाइट जाऊन आले की पहिली दोन-चार मिनिटं अलार्म वाजतो आणि मग आपोआप गप्प होतो.
- एप्रिलमध्ये केलेलं कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या मापाशी जुळवणं) जुलैत लागू पडत नाही.
- एकाच बोर्डावरचे दोन सारखे सेन्सर वेगवेगळं सांगतात, आणि पावसात ही तफावत वाढते.
- आकडा अगदी स्थिर आहे, पण खरा गॅस दाखवला तरी हलत नाही. याची तक्रार कोणी करत नाही, कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. सगळ्यात धोक्याचं लक्षण हेच.

आत काय होतं

पावसाळ्यात पापड सादळतो, तसाच हा सेन्सरही सादळतो. टिन ऑक्साइडच्या बारीक कणांवर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे दोन कणांच्या सांध्यावर विजेला अडथळा होतो आणि स्वच्छ हवेत रेझिस्टन्स जास्त राहतो. एलपीजीसारखा गॅस आला की तो या ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रेझिस्टन्स पडतो. बोर्ड त्यालाच गॅस म्हणतो. आता पाण्याची वाफही याच पृष्ठभागावर बसते, तिथे हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) तयार होतात आणि त्यानेही रेझिस्टन्स खालीच येतो. दिशा तीच, म्हणून बोर्डाला दमट हवा आणि थोडासा गॅस यांतला फरक कळत नाही. शिवाय पाण्याने जागा अडवल्यामुळे खऱ्या गॅसला मिळणारा प्रतिसादही कमी होतो. त्यामुळे एकच सेन्सर पावसात उगाच वाजू शकतो आणि खऱ्या गॅसला सुस्तही होऊ शकतो.

लोक मला आर्द्रतेचा टक्का सांगतात, पण गरम सेन्सरला टक्का कळत नाही. आतल्या बारीक हीटरमुळे त्याचा पृष्ठभाग दोन-तीनशे अंशांवर असतो, त्याला फक्त हवेत एकूण वाफ किती आहे ते जाणवतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के असेल तर घनमीटरमागे साधारण ९ ग्रॅम पाणी असतं. जुलैत २५ अंश आणि ८५ टक्क्यांना ते जवळपास २० ग्रॅम होतं, म्हणजे दुपटीहून जास्त. आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंश, ८० टक्के असताना जेमतेम साडेआठ ग्रॅम. म्हणून थंडीच्या धुक्यात टक्का चढलेला असूनही सेन्सर एप्रिलसारखाच शांत असतो. टक्क्यावरून दुरुस्ती करणारा कोड डिसेंबरात चुकतो तो इथेच.

पैसे न घालता: जागा बघा

सेन्सर कुठे लावलाय ते आधी बघा. कुकरच्या शिट्टीची वाफ थेट त्यावर येते का? बाथरूमचं दार समोर आहे का? गणपतीच्या दहा दिवसांत धूप-उदबत्ती त्याच्याखाली लागते का? सॅनिटायझर, थिनर, फिनेल, मच्छरची कॉइल, फोडणीचा धूर, या सगळ्यांना हा सेन्सर गॅसच समजतो. दोन दिवस एका कागदावर वेळ, आकडा आणि तेव्हा घरात काय चाललं होतं एवढं लिहा. निम्म्या केसेस माझ्याकडे या कागदावरच सुटतात.

उंचीही बघून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून सेन्सर खाली लागतो. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, त्याचा सेन्सर छताजवळ लागतो. बऱ्याच सोसायट्यांत सिलिंडर जाऊन पाइप आला, पण सेन्सर स्कर्टिंगजवळच राहिला. तिथे त्याला फरशी पुसल्यावरची ओल मिळते आणि गॅस मात्र वरून निघून जातो.

टोपीला बोट लावा

बोर्ड चालू करून दहा मिनिटांनी सेन्सरच्या जाळीच्या टोपीला बोट लावा. ती चांगली गरम लागली पाहिजे. गार लागली तर हीटर चालत नाही.

लाल एलईडी लागलेला बघून लोक फसतात. मॉड्यूलवरचा तो एलईडी फक्त बोर्डाला सप्लाय मिळतोय एवढं सांगतो, हीटरशी त्याचा काही संबंध नाही. गार सेन्सरचं वागणं वेगळंच असतं. कणांवर पाण्याचे थरावर थर बसतात, बारीक छिद्रांत पाणी साचतं आणि प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत वीज वाहून नेतात. म्हणजे तुमच्याकडे गॅसच्या सेन्सरऐवजी दमटपणा मोजणारा सेन्सर उरतो. तो पावसाबरोबर छान डोलतो, आणि गॅस आला तर गप्प बसतो.

लाइट आल्यानंतरची पहिली मिनिटं

सेन्सर चालू होताना रेझिस्टन्स आधी धाडकन पडतो आणि मग सावकाश चढून जागेवर येतो. गॅस असो-नसो, हे होणारच. जितका वेळ तो बंद पडून होता आणि हवा जितकी दमट, तितका तो जागेवर यायला वेळ घेतो. पावसाळ्यात लाइट सारखे जातात, त्यामुळे हा प्रकार रोजचा होतो. स्वतः बनवलेल्या बोर्डात चालू झाल्यावर पहिली तीन मिनिटं अलार्म अडवून ठेवा आणि तेवढा वेळ पिवळा दिवा लावून ठेवा, म्हणजे घरच्यांना कळेल की यंत्र अजून तयार नाही. कॅलिब्रेशन करायचं असेल तर मात्र तीन मिनिटं कामाची नाहीत. एमक्यू-२ च्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) २४ तासांहून जास्त तापवायला सांगितलंय आणि ते खरं आहे. कपाटात वर्षभर पडलेला नवा सेन्सर मी दोन दिवस तापवतो, त्याआधी त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

मल्टिमीटर: हीटरचं व्होल्टेज

हीटरला व्होल्टेज कमी पडतंय हे कमीत कमी शंभर वेळा तरी सापडलंय. मीटर बोर्डाच्या सप्लायवर न लावता थेट सेन्सरच्या हीटरच्या पायांवर लावा. ५ व्होल्ट हवेत. एमक्यू-२ चा हीटर साधारण ३३ ओहमचा, म्हणजे १५० मिलिअँप करंट आणि पाऊण वॅट. बारीक तारेची लांब यूएसबी केबल असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं. ५ ऐवजी ४.४ मिळाले तर "अर्धाच व्होल्ट कमी आहे" असं वाटतं, पण वॅट व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटतात, म्हणजे जवळपास २२ टक्के उष्णता गेली. तेवढ्यानेही पृष्ठभाग थंडावतो आणि पाणी जास्त धरून ठेवतो. उन्हाळ्यात हे खपून जातं, जुलैत उघडं पडतं.

मुलं एका अर्डुइनो ऊनोवर (प्रोजेक्टमधला छोटा कंट्रोलर बोर्ड) चार सेन्सर लावतात. चारांचे ६०० मिलिअँप झाले, आणि ऊनोच्या यूएसबीवरचा आपोआप सावरणारा फ्यूज ५०० चा असतो. सेन्सरला स्वतंत्र ५ व्होल्ट २ अँपचा अ‍ॅडॅप्टर द्या, ग्राउंड तेवढा एकत्र जोडा. तपकीर गल्लीत अ‍ॅडॅप्टर घेताना दुकानातच लोड लावून व्होल्टेज बघा. लोडशिवाय सगळेच ५ दाखवतात.

सप्लाय काढून गार हीटरचा रेझिस्टन्सही मोजा. तिशीच्या आसपास आला तर हीटर शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, सेन्सर बदला. त्यावर आणखी वेळ घालवू नका.

लोड रेझिस्टर आणि आकडा कुठून येतो

सेन्सर आणि लोड रेझिस्टर एकामागे एक जोडलेले असतात, आणि लोडवर जे व्होल्टेज पडतं त्याचाच आकडा होतो. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेन्सरच्या मागे या रेझिस्टरच्या बारीक चिपवर १०२ लिहिलेलं असतं, म्हणजे १ किलोओहम. एमक्यू-२ ला डेटाशीट त्याहून कितीतरी मोठा रेझिस्टर सुचवते. समजा सेन्सर एप्रिलमध्ये ४० किलोओहम आणि जुलैत २५ किलोओहम आहे. लोड १० किलोओहमचा असेल तर एप्रिलमध्ये १ व्होल्ट आणि जुलैत १.४३ व्होल्ट मिळतात, फरक स्पष्ट दिसतो आणि त्याची दुरुस्ती करता येते. लोड १ किलोओहमचा असेल तर ०.१२ आणि ०.१९ व्होल्ट, म्हणजे अर्डुइनोच्या १०२३ पैकी २५ आणि ३९. एवढ्याशा आकड्यात दमटपणा कुठे, गॅस कुठे आणि नुसती खरखर कुठे हे ओळखणार कसं? १०२ काढून १० किलोओहम लावा.

ईएसपी३२ (वायफायवाला कंट्रोलर बोर्ड) वापरत असाल तर सेन्सरचे ५ व्होल्ट थेट पिनवर देऊ नका, दोन रेझिस्टरनी वाटून द्या. पण हे दोन रेझिस्टर लोडला समांतर पडतात. १० आणि २० किलोओहम लावले तर तुमचा १० चा लोड प्रत्यक्षात साडेसात होतो, ते गणितात धरा. आणि वायफाय चालू असताना दुसऱ्या एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) पिनांवर वाचन मिळत नाही, सेन्सर पहिल्या एडीसीवरच घ्या.

प्रीसेट, म्हणजे अलार्म कितीला वाजायचा ते ठरवणारा स्क्रू, फिरवून अलार्म गप्प करणं ही मला सगळ्यात नावडती दुरुस्ती. जुलैत फिरवलेला प्रीसेट ऑक्टोबरात कोणी परत फिरवत नाही, आणि कोरड्या हवेत तो अलार्म गॅसला उशिरा वाजतो.

बोर्डावरची ओल

सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) पावसात पाणी धरतो. सेन्सर दहा-वीस किलोओहमांचा, आणि ओल्या फ्लक्समधून होणारी गळती त्याला समांतर, त्यामुळे आकडा वाढलेलाच दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना टूथब्रश घेऊन बोर्डाची मागची बाजू घासा आणि पूर्ण वाळू द्या. सेन्सरच्या जाळीत अल्कोहोल जाऊ देऊ नका. साफ केल्यावर तासाभराने आकडा खाली आला तर दोष बोर्डाचा होता.

बोर्डावर संरक्षक लेप द्यायचा तर अ‍ॅक्रिलिकचा द्या, सिलिकोनचा कधीच नको. वारज्यातल्या एका घरी जुलैत खिडकीतून पाणी येत होतं म्हणून कारागिराने सगळीकडे सिलिकोन सीलंट भरला. सेन्सर त्याच खोलीत चालू होता. पंधरा दिवसांनी गेलो तर आकडा इतका स्थिर की मला बरं वाटलं. मग न पेटवता लायटरचा गॅस जाळीपाशी सोडला, आणि आकडा जागचा हलला नाही. सीलंटची वाफ गरम पृष्ठभागावर जळून तिथे सिलिकाचा थर बसला होता. असा मेलेला सेन्सर परत येत नाही. तेव्हापासून प्रत्येक भेटीत आधी लायटरची तपासणी करतो: शेगडी बंद, खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, आणि फक्त क्षणभर गॅस. यातून सेन्सर जिवंत आहे की नाही एवढंच कळतं, किती गॅसला वाजेल ते कळत नाही.

मिठाचा पिंप

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर सेन्सर दमटपणाला किती हलतो ते मोजायचं. याला महागडी चेंबर लागत नाही. ठरावीक क्षाराचा ओला लगदा बंद भांड्यात ठेवला की हवेची आर्द्रता ठरावीक टक्क्यावर येऊन थांबते. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के देतं, साधं मीठ ७५ आणि पोटॅशियम क्लोराइड जवळपास ८५. एमक्यू-२ च्या डेटाशीटमधल्या तापमानाच्या आलेखात नेमक्या ३३ आणि ८५ टक्क्यांच्या दोन रेषा असतात, त्यामुळे तुमचं माप थेट त्यांच्याशी ताडून बघता येतं.

मी झाकणाचा जुना स्टीलचा पिंप वापरतो. तळाशी पसरट ताटलीत मीठ, त्यावर ते जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी. मीठ सगळं विरघळलं तर आकडा चुकतो, न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. पुडीतलं बारीक मीठ घ्या, खडेमीठ नको. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, म्हणूनच पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ पाझरतं, आणि म्हणूनच ते ७५ वर टिकत नाही. तारा झाकणातून काढून फट प्लंबरच्या टेफलॉन टेपने बंद करा. भांडं मोठंच हवं: हीटरचा पाऊण वॅट छोट्या बरणीची हवा तापवतो आणि टक्का खाली ओढतो. आत आर्द्रतेचा सेन्सर ठेवा, हीटरपासून लांब. चार तास थांबा, मगच आकडा लिहा.

दोन-तीन क्षारांचे आकडे मिळाले की वाफेच्या ग्रॅमवर रेझिस्टन्सचा आलेख काढा. कोडमध्ये त्या दिवशीच्या वाफेला स्वच्छ हवेचा जो रेझिस्टन्स अपेक्षित आहे त्याच्याशी तुलना करायची, एप्रिलच्या जुन्या आकड्याशी नाही. आर्द्रता मोजायला डीएचटी११ सेन्सर घेऊ नका, तो ५ टक्के इकडेतिकडे असतो. एसएचटी३१ थोडा महाग आहे, पण २ टक्क्यांत बसतो. रोज आपोआप शून्य धरणारा कोड मात्र गॅसच्या अलार्मला लावू नका, हळूहळू होणारी गळतीही तो शून्यात जिरवून टाकतो.

स्वतः गोळ्या बनवणाऱ्यांसाठी

टिन ऑक्साइड–झिंक ऑक्साइडची गोळी घेऊन एक विद्यार्थिनी आली होती. मल्टिमीटर लावला की रेझिस्टन्स सेकंदासेकंदाला वाढतच जायचा. गोळीत दोष नव्हता. खोलीच्या तापमानाला दमट गोळीतून प्रोटॉन वाहतात, आणि मल्टिमीटरचा डीसी करंट त्यांना एका इलेक्ट्रोडपाशी कोंडून ठेवतो. एलसीआर मीटरवर, म्हणजे डीसीऐवजी एसी देऊन, १ किलोहर्ट्झला मोजल्यावर आकडा जागेवर थांबला. चांदीच्या पेस्टचे इलेक्ट्रोड असतील तर दमट हवेत डीसी लावून ठेवूच नका, चांदी एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाऊन शॉर्ट करते.

मिश्रणात कॉपर ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइड जास्त असेल तर ते पी-टाइप असतात, म्हणजे त्यांत वीज इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांमधून वाहते. गरम असताना वाफेने त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, टिनच्या बरोबर उलट. त्यामुळे प्रमाण बदललं की आलेखाची दिशाच बदलू शकते, ती चूक समजून फेकू नका. आर्द्रता चढवताना आणि उतरवताना आकडे वेगळे येतात, कारण बारीक छिद्रांतलं पाणी निघायला वेळ घेतं. दोन्ही बाजूंनी मोजा. आणि गोळी चिमट्याने धरा, बोटाच्या घामातलं मीठही पाणी धरतं.

इथे थांबा

विकत घेतलेला घरगुती अलार्म उघडू नका. आत २३० व्होल्ट असतात, आणि उघडून जोडल्यावर तो किती गॅसला वाजतो याची हमी कोणी देऊ शकत नाही. पाठीवर छापलेली मुदत संपली असेल तर बदला. हॉटेल, वसतिगृह, सोसायटीच्या सिलिंडर बँकेतला डिटेक्टर मोजलेल्या गॅसने कॅलिब्रेट करणाऱ्या माणसालाच बोलवा. भोसरी-चाकणच्या पेंट शॉपमध्ये किंवा सॉल्व्हंटच्या खोलीत फ्लेमप्रूफ (आतली ज्वाळा बाहेर जाऊ न देणारे) डिटेक्टर असतात, त्यांचं झाकण सैल करणंही धोक्याचं.

बाथरूममधल्या गॅस गीझरसाठी एमक्यू-७ चा (कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर) घरगुती बोर्ड लावून निर्धास्त होऊ नका. त्याला ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट असं चक्र लागतं, कार्बन मोनॉक्साइडचं वाचन थंड टप्प्यात होतं, आणि बाथरूमची वाफ नेमकी तिथेच घोळ घालते. तिथे प्रमाणित अलार्म, बाहेर उघडणारी खिडकी आणि गीझर तपासणारा माणूस, तिन्ही हवेत.

तंत्रज्ञाला बोलावताना तो दोन दिवसांचा कागद जवळ ठेवा, आणि फोनवरच सांगा: सेन्सर कधी बसवला, गॅस सिलिंडरचा की पाइपचा, टोपी गरम लागते का, आणि गेल्या महिन्यात घरात रंग, सीलंट किंवा वॉटरप्रूफिंग काही झालं का.